शनिवार-रविवार राजमुंद्री : नुसते पूल बघायला एवढ्या लांब जावं का?

गंगाकाठ (गंगाखेड)

मागं कुणीतरी विचारलं होतं की नांदेड-परभणीकडून रेल्वेनं दोन दिवसांत कुठं जाऊन येता येईल, तिरुपती अन् हैदराबाद सोडून. माझं उत्तर आंध्रातलं राजमुंद्री. कागदोपत्री आता राजमहेंद्रवरम झालंय, पण स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याच्या तोंडी राजमुंद्रीच आहे.

जायचं ते पुलांसाठी. आपली गंगा, म्हणजे गोदावरी, तिथं पोचेपर्यंत एवढी फुगते की एका काठावरून दुसऱ्या काठावरचं माणूस दिसत नाही. पलीकडं कोव्वूर, अलीकडं राजमुंद्री, अन् मधी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास पाणी. त्याच्यावर सव्वाशे वर्षांत चार पूल झाले. पहिला हॅवलॉक पूल. १८९७ ला काम सुरू, १९०० ला गाड्या धावायला लागल्या, १९९७ ला निवृत्त. तो अजून तिथंच उभा आहे. दुसरा १९७४ चा, दुमजली : खाली रेल्वे, वर डांबरी रस्ता. तिसरा काँक्रीटच्या कमानींचा, १९९७ चा. राजमुंद्रीचा फोटो म्हणून जो सगळीकडं फिरतो तो हाच. चौथा रस्त्याचा, शहराच्या वरच्या अंगाला, २०१५ च्या पुष्करमच्या (बारा वर्षांनी येणारा गोदावरीचा स्नानाचा मेळा) वेळी सुरू झालेला.

आम्ही नवरा-बायको, धाकटा मुलगा अन् सासरे असे गेलो होतो. खोली घाटापासून चालत जाता येईल अशी घेतली, अन् माझ्या मते तिथं जाणाऱ्यानं हेच एक पक्कं करावं. लोक स्टेशनाजवळ लॉज घेतात, सकाळी सात वाजता गाडी ठरवून अन्नवरम, द्राक्षारामची देवळं करत फिरतात अन् रात्री परत. मग नदी बघितली कधी? पहाटे पुष्कर घाटावर जाऊन बसा. उजाडायच्या आधी पुलावरून गाडी गेली की नुसती खिडक्यांची रांग पाण्यावरून सरकताना दिसते. मग हळूहळू कमानी दिसायला लागतात. आमचे सासरे तासभर काही बोलले नाहीत. एरवी त्यांना गप्प बसवायला आख्खं घर लागतं.

दुसऱ्या दिवशी धवळेश्वरमचं बॅरेज, म्हणजे गोदावरीवरचा दारांचा बंधारा, अन् तिथं पहिला बंधारा घालणाऱ्या कॉटन साहेबाचं म्युझियम. दुपारी कडियमच्या नर्सऱ्या. संध्याकाळी घाटावर आरती अन् रात्रीची गाडी. झाली सहल. काही विचारायचं असेल तर विचारा.

पूर्णाजंक्शन

गाड्यांचं मी सांगतो, तो माझा विषय आहे. नांदेडहून थेट दोन पर्याय : विशाखापट्टणमला जाणारी एक्सप्रेस अन् संबलपूरची नागावली. दोन्ही रोज नाहीत, वार अन् वेळा बदलत राहतात, तवा तिकीट काढायच्या दिवशी बघून घ्या. शनिवार-रविवारात बसत नसेल तर हैदराबादपर्यंत जाऊन गौतमी एक्सप्रेस धरा, रात्री बसलं की सकाळी राजमुंद्री. लातूर-परळीकडच्यांना शिर्डी-काकिनाडा पण आहे, बिदरवरून जाते.

एक गंमत सांगतो. नांदेडहून थेट गेलात तर ही गाडी गंगा दोनदा ओलांडते. एकदा धर्माबादच्या पुढं बासरला, अन् दुसऱ्यांदा थेट राजमुंद्रीला. उन्हाळ्यात बासरच्या पुलावरून खाली बघा, वाळू अन् मधी मधी डबकी. रात्रभर झोपा. सकाळी कोव्वूर गेलं की परत खाली बघा.

आणि गाडी कोणत्या पुलावरून चाललीय ते ओळखायचं असेल तर : खिडकीतून लोखंडी जाळी सरकताना दिसली अन् धडधड मोठी असली तर १९७४ चा. वर पांढऱ्या कमानी दिसल्या तर १९९७ चा. दोन्ही एकेरी मार्गाचे आहेत, म्हणून जाताना एक अन् येताना दुसरा मिळतो.

मोंढ्यावरून

मला एक कळंना. नांदेडला पूल नाहीत का? गोवर्धन घाटाच्या पुलावर उभं राहिलं की नदी दिसतीच की. तेवढ्यासाठी रात्रभर गाडीत बसून आंध्रात जायचं, तिथं भाषा येत नाही, ज्वारीची भाकर मिळत नाही. विष्णुपुरीची दारं उघडल्यावर जाऊन या, फुकटात होतंय.

गंगाकाठ (गंगाखेड)

मोंढेवाले दादा, विष्णुपुरीची दारं उघडली की आम्हीपण जातोच. पण दारं उघडायची वाट बघावी लागते हाच तर फरक आहे. भाकरीचं मात्र खरं आहे.

निवृत्त_पाटबंधारे

धागा वाचून राहवलं नाही. नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

राजमुंद्रीचे तीन रेल्वेपूल एका जागी उभं राहून बघता येतात, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तर मुद्दाम न्यावं असं ते ठिकाण आहे. नदीची रुंदी तीच. हॅवलॉक पुलाला ५६ गाळे (दोन खांबांमधले भाग) आहेत, प्रत्येक ४५.७ मीटरचा. १९७४ च्या पुलाला ३४ गाळे : २७ मोठे, ९१.५ मीटरचे, आणि ७ लहान, जुन्या मापाचे. कमानीच्या पुलाला फक्त २८, प्रत्येक ९७.५५ मीटरचा. गुणाकार करून बघा, तिन्हींपैकी प्रत्येकाची लांबी अडीच ते पावणेतीन किलोमीटरच्या आसपास येते. शंभर वर्षांत पात्रातले खांब निम्म्यावर आले.

यामागचं कारण पाण्याखाली आहे. तिथं आपल्यासारखा काळा पाषाण हाताला लागत नाही. सगळी वाळू, आणि पुरात ती वाळू खांबाच्या बुडातून खरवडून निघते. म्हणून पाया खोल न्यावा लागतो. पद्धत अशी की जाड भिंतीचं गोल कडं बांधायचं, आतून वाळू उपसत राहायची, आणि कडं स्वतःच्या वजनानं खाली बसत जातं. पुरेसं खोल गेलं की तळ काँक्रीटनं बंद. नदीच्या पात्रात कडी टाकून विहीर करतात तोच प्रकार, फक्त अवाढव्य. एकेक पाया म्हणजे वेळ आणि पैसा. वरची तुळई लांब करता आली की पाये कमी लागतात. १९०० ला लोखंडी तुळई जेवढी लांब परवडत होती तेवढी केली. १९७४ ला पोलाद चांगलं मिळालं, दुप्पट लांबी झाली. नव्वदच्या दशकात हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीनं ताण दिलेल्या काँक्रीटच्या कमानी घेतल्या. कमान वर, तिच्यातून खाली लोंबणारे दोर, त्या दोरांवर रुळाचा पट्टा. धनुष्य आणि दोरी म्हणतात तो प्रकार. एवढे गाळे एका रांगेत रेल्वेच्या वजनासाठी करणं ही साधी गोष्ट नाही.

हॅवलॉक पुलाचा मुख्य अभियंता वॉल्टन. हाच माणूस आधी काशीच्या गंगेवरच्या डफरिन पुलावर होता. हॅवलॉक हे मद्रासच्या गव्हर्नराचं नाव. पूल व्हायच्या आधी मद्रासकडून आलेले प्रवासी कोव्वूरला उतरून बोटीनं पलीकडं जात आणि तिथून दुसरी गाडी धरत. पूल झाला तेव्हा मद्रास आणि कलकत्ता रुळांनी जोडायच्या कामातला मोठा अडथळा गेला.

१९७४ च्या पुलाचं एक वैशिष्ट्य लोकांच्या लक्षात येत नाही. राजमुंद्रीच्या बाजूचे शेवटचे काही गाळे वळणावर आहेत. दुमजली पूल, आणि तो वळतो. रिक्षानं वरून गेलात तर कळेल.

देगलूरची_लेक

सर, पुलावरून चालत जाता येतं का? मला हॅवलॉक पुलावर जायचंय. बाकी आमच्याकडं घरात निम्मं तेलुगूच चालतं, भाषेची अडचण नाही 🙂

गंगाकाठ (गंगाखेड)

ताई, आम्ही गेलो तवा हॅवलॉकवर सोडत नव्हते. तो पर्यटनासाठी विकसित करायचं तिथल्या सरकारच्या मनात आहे, काम कुठवर आलंय ते जायच्या वेळी विचारून घ्या. १९७४ च्या पुलावरच्या रस्त्यानं चालता येतं, पण रस्ता अरुंद अन् वाहनं अंगावरून जातात. लेकरं सोबत असतील तर नकोच. त्या पुलाचंही आता वय झालंय, मधूनमधून दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. त्यापेक्षा घाटावरून होडी करा अन् पुलाखालून जा. खालून बघितल्यावर खांब किती जाड आहेत ते कळतं.

सुगरण_लातूर

पुलांचं झालं, आता पोटाचं बोला.

देगलूरची_लेक

ताई, सकाळी पेसरट्टू. मुगाचा डोसा, आत उपमा भरून देतात. एकानंच पोट भरतं, तरी लोक दोन मागवतात. आत्रेयपुरमचे पूतरेकुलू तिथं सगळीकडं मिळतात. तांदळाच्या पातळ खिरीसारख्या पाण्यात फडकं बुडवून ते तापलेल्या उपड्या मडक्यावरून फिरवायचं, कागदासारखा पापुद्रा सुटतो. त्यात तूप अन् साखर किंवा गूळ घालून घड्या. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गुळाचे घ्या, साखरेचे नुसते गोड लागतात. अन् मेन रोडला रोझमिल्क. उन्हात फिरून आल्यावर घ्यायचं, थंडीत घेऊन नावं ठेवू नका.

मासे खाणाऱ्यांनी पावसाळ्यात जावं, तेव्हा पुलसा येतो. समुद्रातून नदीत उलटा चढून येणारा मासा, अन् भाव ऐकूनच निम्मे लोक परत फिरतात.

उदगिरी_बाबा

मला बाकीच्यांशी पटत नाही. एवढं लांब जायचं अन् पापिकोंडलू करायचं नाही? डोंगराच्या मधून गोदावरी जाते, दोन्ही बाजूंनी हिरवे कडे, दिवसभराची बोट. माझ्या मते राजमुंद्रीत तेवढंच बघण्यासारखं आहे. पूल काय, पूलच.

गंगाकाठ (गंगाखेड)

बाबा, पापिकोंडलू सुंदर आहे, नाही कुठं म्हणतो? पण त्याला आख्खा दिवस जातो. आधी गाडीनं बोटीपर्यंत, मग बोट, मग परत. दोन दिवसांतला एक तिकडं दिला की राहिलं काय. तीन दिवस असतील तर जरूर करा. अन् २०१९ च्या सप्टेंबरात पुराच्या पाण्यात त्या भागात बोट उलटून बरेच लोक गेले होते, हे ध्यानात ठेवून पावसाळ्यात कुणी स्वस्तात नेतो म्हणला तरी जाऊ नका. लाइफ जॅकेट अंगावर बांधूनच बसा, सीटखाली ठेवलेलं काही कामाचं नाही.

किनवट_माहूर

मला एक सांगा, राजमुंद्रीला दिसतं ते पाणी आपलं असतं का? आमचे मामा म्हणतात जायकवाडीचं पाणी शेवटी तिकडंच जातं.

निवृत्त_पाटबंधारे

मामांना सांगा, जातं, पण फार थोडं. पैठणला जायकवाडी, पुढे बंधाऱ्यांची माळ, मग विष्णुपुरी, बाभळी आणि लगेच तेलंगणात श्रीरामसागर. चांगला पाऊस झाला तरच वरचं पाणी या सगळ्यातून सुटून पुढं जातं. बाभळीचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानं ठरलेलंच आहे : १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी, नंतर बंद.

राजमुंद्रीची नदी खरी भरते ती खाली मिळणाऱ्या नद्यांनी. प्राणहिता, म्हणजे वर्धा, वैनगंगा आणि पैनगंगा एकत्र. मग बस्तरची इंद्रावती. मग शबरी. पाऊस तिकडचा, जंगल तिकडचं. आपण वरच्या कोरड्या भागात बसलोय.

पण तुम्ही किनवटचे, तुमचं पाणी मात्र जातं. सहस्रकुंडावरून पडलेलं पैनगंगेचं पाणी वर्धेत, तिथून प्राणहितेत, आणि बाभळी-श्रीरामसागर दोन्हींना वळसा घालून काळेश्वरमला गोदावरीत.

किनवट_माहूर

म्हणजे राजमुंद्रीवर आमचा हक्क नांदेडकरांपेक्षा जास्त 😄

मोंढ्यावरून

घ्या, किनवटला पाणी मिळालं तर स्वतंत्र जिल्हा मागायला एक मुद्दा वाढला.

निवृत्त_पाटबंधारे

पुराचा अंदाज यावा म्हणून आकडे देतो. जायकवाडीतून लाख-दीड लाख क्युसेक सोडलं की पैठणपासून नांदेडपर्यंत नदीकाठची गावं जागी होतात. धवळेश्वरमला १० लाख क्युसेक झाल्यावर पहिला इशारा देतात. १३ लाखांना दुसरा, १७ लाखांना तिसरा. आणि १९८६ च्या ऑगस्टमध्ये ३५ लाखांच्या वर गेलं होतं. हॅवलॉक पूल तेव्हा चालू होता आणि त्यानं ते सोसलं.

बॅरेजबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आर्थर कॉटननं १८४७ ते १८५२ या काळात तिथं बंधारा घातला. वाळूवर, खडकाचा आधार नसताना. कावेरीवर चोळांच्या वेळचा कल्लणई बंधारा होता, त्याचा त्यानं आधी अभ्यास केला होता. नदी पूर्ण अडवायची नाही, पातळी थोडी उचलायची आणि दोन्ही बाजूंनी कालव्यात वळवायची. दुष्काळ आणि पुरात सापडलेला तो मुलूख भाताचं कोठार झाला. सध्याचं बॅरेज १९७० नंतर नव्यानं बांधलेलं, १७५ दारांचं, चार तुकड्यांत. तिथूनच नदी फुटते, गौतमी आणि वसिष्ठा, आणि मधला प्रदेश कोनसीमा. गावोगावी कॉटनचे पुतळे आहेत, शेतकरी हार घालतात. इंग्रज अधिकाऱ्याला एवढा मान आपल्याकडं कुठं दिसत नाही.

देगलूरची_लेक

आणखी एक. समाजसुधारक वीरेशलिंगम पंतुलूंचं घर बघा, शहरातच आहे. ११ डिसेंबर १८८१ ला त्यांनी राजमुंद्रीत विधवेचं लग्न लावून दिलं होतं. महर्षी कर्व्यांनी स्वतः केलं ते १८९३ ला. आमच्या तेलुगूच्या सरांनी हे फार अभिमानानं सांगितलं होतं. घरापुढून लोक रिक्षानं निघून जातात, आत कुणी येत नाही.

सेलूकर

आई म्हणतेय गंगेत तिथं स्नान करायचंच. २०२७ ला जावं का, पुष्करम आहे म्हणतात. कोणते दिवस चांगले?

गंगाकाठ (गंगाखेड)

गुरू सिंहेत आला की नाशिकला सिंहस्थ अन् तिकडं गोदावरीचं पुष्करम. मागचं २००३ अन् २०१५ ला झालं, पुढचं २०२७. तिकडं बारा दिवसांचं असतं. पण आईंचं वय असेल तर त्या दिवसांत नेऊ नका. २०१५ ला पहिल्याच दिवशी घाटावर चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली होती. स्नान यंदा नोव्हेंबर-डिसेंबरात करून घ्या, घाट मोकळा असतो, पाणी निवळलेलं असतं, हवा बरी असते. एप्रिल-मेमध्ये मुळीच नको. आपलं ऊन कोरडं, तिथलं घामाचं, सावलीतही सुटका नाही. पायऱ्यांवर शेवाळ असतं, आईंचा हात धरूनच उतरा. कोटिलिंगाल घाटावर गर्दी कमी वाटली मला.

पण पूर बघायचा असेल तर ऑगस्ट. लाल पाणी, मधूनच आख्खं झाड वाहत येतं. मला स्वतःला ती नदी जास्त आवडली, बायकोला हिवाळ्यातली.

सुगरण_लातूर

कडियमबद्दल कुणी सांगेल का? आमच्या रोपवाटिकावाल्याकडं विचारलं की प्रत्येक रोप "राजमुंद्रीचं" असतं. तिथं स्वस्त मिळतं का?

गंगाकाठ (गंगाखेड)

स्वस्त मिळतं, पण ठोक घेणाऱ्याला. हायवेच्या दोन्ही बाजूंनी मैलच्या मैल रोपंच रोपं, ट्रक भरून देशभर जातात. तुम्ही पाच-सहा कुंड्या घ्यायला गेलात तर लातूरच्याच भावात पडतील, वर रेल्वेत सांभाळायची कटकट. बायकोनं क्रोटन घेतले. एक जगलाय. फिरायला मात्र जा, शहरापासून जवळ आहे.

उदगिरी_बाबा

क्रोटन जगला नाही तर दोष आपल्या उन्हाला. बरं, मी फेब्रुवारीत तीन दिवसांचं ठरवतोय, पापिकोंडलूसकट. पुलाचा एक दिवस तुमच्या खातर.

सेलूकर

आमचं नोव्हेंबरचं ठरलं, आई, मी, बहीण अन् भाची. पूर्णा भाऊ, पुलावरून नदी नीट दिसायला खिडकी कुठल्या बाजूची घेऊ?

पूर्णाजंक्शन

कुठलीही घ्या, नदी दोन्हीकडं आहे. फक्त आईंना खालचा बर्थ मागा अन् स्लीपर घ्या. एसीची काच पिवळी पडलेली असते, त्यातून पूलही दिसत नाही अन् पाणीही. कोव्वूर येतं त्या वेळेचा अलार्म लावा, अन् लेकरांना दारात उभं राहू देऊ नका. परतीचं तिकीट आधी काढा, जायचं नंतर. रविवारी रात्रीच्या गाड्यांना वेटिंग फार असतं.